तळहातावरचं लिंबू

आप्पांचा उजवा हात थरथरतो हे दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि त्यांच्या पॅन्टच्या खिशाला. त्या उन्हाळ्यात ते कोल्हापूरहून आमच्याकडे जर्मनीत कार्ल्सरूहेला आले, तेव्हापासून तो हात बहुतेक वेळ खिशातच असायचा. बाहेर आला की बशी वाजायची. डॉक्टरला दाखवू या म्हटलं की उत्तर ठरलेलं, "थंडी लई हाय तुमच्यात." जुलै महिन्यात!

आप्पा, म्हणजे माझे वडील, तालमीचे वस्ताद. लाठी, पट्टा, तलवार शिकवण्यात त्यांची हयात गेली. दसऱ्याला भर चौकात ते तळहातावरचं लिंबू तलवारीच्या एका वारात कापायचे आणि तो तळहात माझा असायचा. लग्न होईपर्यंत मीही तलवार फिरवली, लिंबंसुद्धा कापली, पण ती लाकडाच्या ठोकळ्यावरची. आमच्या तालमीचा कायदा साधा होता. लिंबू धरणारा हात घरचा किंवा शिष्याचा हवा, परक्याचा कधीच नाही. आणि एकदा पुढे केलेला हात मागे घ्यायचा नाही. थांबायचंच झालं तर वार करणाऱ्यानं थांबायचं.

नवरा कामासाठी वोल्फ्सबुर्गला गेला होता. आप्पा घरात बसून कंटाळले, म्हणून त्या रविवारी मी त्यांना एस-बाननं, म्हणजे इथल्या लोकल गाडीनं, जवळच्या गावातल्या मध्ययुगीन जत्रेला नेलं. आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसणारी माणसं तिथे जाडेभरडे अंगरखे घालून लाकडी वाडग्यातून मसुरीचं सूप पीत होती. मला हसू येत होतं. आप्पांना अजिबात आलं नाही. चातीवर लोकर कातणारी बाई त्यांनी मन लावून पाहिली, लोहाराचा भाता पाहिला. "आमच्यागतच की," एवढंच म्हणाले.

पुढे दोरी बांधून रिंगण केलं होतं. कड्यांचं चिलखत घातलेला एक दाढीवाला खांबावरचे कोबीचे गड्डे तलवारीनं उडवत होता. तलवार खरी होती, धारेची. कुणाला हात आजमावायचा आहे का, असं त्यानं गर्दीला विचारलं, आणि आप्पांचा हात खिशातून बाहेर आला.

"त्याला सांग, आमच्यात कोबी भाजीला कापत्यात," आप्पा म्हणाले. "लिंबू हाय न्हवं तुझ्या पिशवीत?"

होतं. प्रवासात त्यांना मळमळतं म्हणून मीच घेतलं होतं. मी त्या दाढीवाल्याला सगळं नीट समजावून सांगितलं. लिंबू कुठे ठेवणार तेही सांगितलं, मुद्दाम. तो नाही म्हणेल अशी माझी खात्रीच होती, या देशात विम्याशिवाय पान हलत नाही. त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं विचारलं, "तुमची हाफ्टफ्लिष्ट आहे ना?" म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा. आमचा होता. जर्मनीत उतरल्यावर नवऱ्यानं पहिलं काम तेच केलं होतं. मी खरं बोलून बसले.

"आल्झो, गुट," म्हणजे बरं तर, असं म्हणत त्यानं लोखंडी हातमोज्यातला स्वतःचा पंजा पुढे केला.

आप्पांना ते आवडलं नाही. "परक्याचा न्हाई. तू ये म्होरं."

नाही म्हणावं तर एवढ्या लोकांसमोर वस्तादाच्या हातावर अविश्वास दाखवायचा, तोही पोटच्या पोरीनं. मी गेले. तळहात पसरला, त्यावर लिंबू ठेवलं. आप्पांनी जमिनीला हात लावून सलामी दिली, पवित्रा घेतला आणि तलवार उचलली. पात्याचं टोक हलत होतं. उन्हात ते इतकं स्पष्ट दिसत होतं की मी डोळे मिटून घेतले. मला आप्पांची भयंकर चीड आली. बोटं गेली तर रोजच्या पोळ्या कोण लाटणार, असलं काहीतरी खुळ्यासारखं मनात येत होतं. पण हात मागे घेतला नाही.

वार आलाच नाही. डोळे उघडले तर तलवारीचं टोक जमिनीला टेकलेलं. आप्पांनी माझ्या हातावरचं लिंबू उचललं, तलवारीची मूठ माझ्याकडे केली आणि स्वतःचा उजवा तळवा पसरून लिंबू त्याच्यावर ठेवलं.

"आता तू मार."

त्या हातावर लिंबू स्थिर राहीना. आप्पांनी डाव्या हातानं मनगट आवळून धरलं, तरी ते डुगडुगतच होतं.

"आप्पा, नको. डावा हात तरी धरा."

"ह्योच धरणार. हात माझा हालतोय पोरी, तुझा न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. हात हलतो हे त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं.

मला रडू येत होतं, आणि रडत वार करता येत नाही. मी पाय रोवले. लिंबू डावीकडे जायचं, परत यायचं, क्षणभर मधे थांबायचं. ते थांबणं मी पाहत राहिले. मग श्वास रोखला आणि मारलं.

दोन फोडी गवतात पडल्या. टाळ्या वाजल्या, दाढीवाला काहीतरी ओरडला. आप्पांनी मूठ मिटली आणि मिटल्या मुठीनंच सलामी दिली. "डावा पाय उचललास," ते मला म्हणाले.

परतीच्या गाडीत मी ती मूठ जबरदस्तीनं उघडली. तळव्यावर बारीकशी लाल रेघ होती, रक्त सुकलेलं.

"झोंबलं असेल हो लिंबू!"

"झोंबलं की." त्यांनी हात खिशात घातला नाही. माझ्या मांडीवर तसाच थरथरत राहू दिला. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "उद्या त्या डॉक्टरकडं जाऊ. काय हुतंय ते तूच सांग त्याला. मला सांगाया जमायचं न्हाई."