टोपीखालची रोजनिशी

१५ मे २००४, शनिवार. सांगितलेली किंमत बारा युरो. हजर: मी, ही, आणि लुडविग्सहाफेनच्या जुन्या बाजारात पुस्तकं विकणारे जर्मन आजोबा.

रोजनिशी होती दीडशे वर्षांपूर्वीची. नवरा आणि पाच मुलांसह बैलगाडीतून अमेरिकेच्या पश्चिमेला निघालेल्या जर्मन बाईची. ती जुनी लिपी आम्हाला लागेना, म्हणून आजोबांनीच एक पान वाचून दाखवलं. पीठ भिजलं, चाक मोडलं, गाय लंगडते, आज सात मैल.

"अहो, विचारा ना, पोचली का ती?"

मी विचारलं. "आल्झो, म्हणजे तर मग, पुढच्या शनिवारी," आजोबा म्हणाले.

मग दर शनिवारी थोडी पानं. संकट आलं की ते आधी चष्मा पुसत. दुसरं गिऱ्हाईक दिसलं की रोजनिशीवर हळूच टोपी ठेवत. मी मैलांची बेरीज करत असे.

सप्टेंबरात शेवटचं पान आलं. आजोबांनी चष्मा पुसला. हिने माझा दंड घट्ट धरला.

"पोचलो! सातही जण. गायसुद्धा!" ते ओरडले.

मी बारा युरो काढले. त्यांनी किमतीची चिठ्ठीच फाडली. "इतक्या लांब चालून आली बिचारी. आता पुन्हा कुठे पाठवू तिला?"

शेवटी पैसे गेले शेजारच्या कॉफीवालीला. तीन कॉफ्यांचे साडेचार युरो. तीही इतके महिने ऐकतच होती. "गाय पोचली ना!" म्हणत तिने तीनच घेतले.