मिश्रीने थांबलेलं रक्त

सकाळी नळावर शेजारची कमलमावशी थुंकली, तर फेस गुलाबी.

"मावशी, हिरडीतून रक्त येतंय."

"मिश्री लावली की थांबतं गं," म्हणत तिने जळक्या तंबाखूने काळं झालेलं बोट हिरडीवरून फिरवलं. खरंच थांबलं.

मला धसकाच बसला. हिरडीतल्या पांढऱ्या पेशी कुणी न सांगता जंतूंवर धावून जातात. सूज आणि रक्त ही त्यांचीच आरोळी. तंबाखू शिरा आवळून ती आरोळी दाबते, आणि पुडी विकणारे त्याला औषध म्हणतात! आत लढाई चालूच राहते. जंतू हटेनात, तर त्याच पेशींचे वार दाताखालच्या हाडावर पडू लागतात, तेही फारसं न दुखता.

"बघ, गेलं की नाही?" मावशी हसली. हसता हसता तिने जिभेने पुढचा दात चाचपला, आणि तो हलला. हसूही थांबलं.