गाठ सोडून

सानगडीला बंद पडलेल्या धानगिरणीत फेकायच्या वस्तूंपासून नव्या वस्तू करायला शिकवणारं केंद्र निघालंय, हे कळल्यापासून माझा पाय घरात ठरत नव्हता. जुनं काही टाकायचं म्हटलं की माझ्या जिवावर येतं. त्यात बाबांचं नायलॉनचं फाटकं जाळं पडवीत पडून होतं आणि बाबाही तिथेच बसून होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते डोंग्यातून पाण्यात पडले, तेव्हापासून भावानं त्यांचं तलावावर जाणं बंद केलं. जन्मभर मासे धरलेला माणूस घरात बसून काय करणार? भाजीतल्या मिठावरून आईशी भांडायचे. त्या हातांना काम मिळावं, एवढंच मला हवं होतं.

खरं सांगितलं असतं तर ते आलेच नसते. म्हणून तिथे जाळी दुरुस्त करतात अशी थाप मारली आणि त्यांना जाळ्यासकट स्कुटीवर बसवून निघाले.

मी आत शिरले आणि हरखूनच गेले. सिमेंटच्या पोत्यांच्या थैल्या, टायरची आसनं, चिप्सच्या पाकिटांच्या विणलेल्या चटया. हे पाहू की ते पाहू असं झालं. बाबा मात्र दारावरच्या पाटीपाशीच अडकले. 'टाकाऊपासून टिकाऊ.' मग शिकवणाऱ्या ताईंच्या हातातली कात्री त्यांना दिसली आणि माझी थाप उघडी पडली.

"माहं जाळं टाकाऊ हाय काय?" एवढं बोलून त्यांनी जाळं बगलेत मारलं आणि ते परत फिरले. मला रडूच आलं. थांबा म्हणायला तोंडही उरलं नव्हतं.

ताईंनी त्यांना अडवलं नाही. फक्त जाळ्याची एक पिशवी पुढे केली. पहिल्याच बाजाराला तिच्या कडेच्या गाठी सुटल्या होत्या आणि कांदे रस्त्यावर सांडले होते. असं का होतं ते कळत नाही, म्हणाल्या. बाबांनी पिशवी उलटीपालटी केली आणि तिथेच उकिडवे बसले.

"गाठीवर कात्री चालवली तुमी. गाठ सोडून कापा लागते."

शिकायला आलेल्या सहा-सात बायकांनी माना डोलावल्या. पाहते तर सगळ्याजणी नखांनी नायलॉनच्या घट्ट गाठी सोडत बसलेल्या. आधी गाठ सोडायची, मग कापायचं, असं त्यांना वाटलं होतं. एकीनं तर दात लावले. मी हसून हसून बेजार, आणि बाबांचा जीव खालीवर.

"सोडून म्हंजे टाळून, बाई. काहून दात तोडून राहिल्या?"

तरी त्यांना नीट उमजेना. तेव्हा बाबांनी बगलेतलं जाळं जमिनीवर पसरलं आणि कात्री मागून घेतली.  दोन गाठींच्या बरोबर मधे त्यांनी पहिला दोरा कापला. मग दुसरा, मग तिसरा. हात जराही थांबला नाही.

सगळ्याजणी आपापले तुकडे घेऊन सरकत सरकत जवळ आल्या. मागून एकीनं विचारलं, "सर, हे बराबर हाय काय?"

जन्मभर लोकांनी त्यांना जातीवरून 'ए ढिवरा' अशीच हाक मारली होती. कोण सर आले म्हणून बाबांनी वळून दाराकडे पाहिलं. दारात कोणीच नव्हतं.