दारातली हलती फरशी

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गवंड्याशी भांडत होतो. आमच्या गुलबर्ग्याच्या घरात उंबऱ्याला लागून एक शहाबादी फरशी आहे, ती वर्षभरापासून हलते. पाय पडला की 'धब्ब' वाजते. गवंडी आज येतो, उद्या येतो करत तीन महिने फिरवत होता, आणि त्या दिवशी सापडला तर वर मलाच म्हणतो, "सर, एका फरशीसाठी कोण सिमेंट कालवतंय?" मी नुकता तोंडाचा पट्टा सोडला होता, तेवढ्यात माझी बायको सुनंदा आतून फोन घेऊन आली आणि तो तिनं माझ्या हातात दिला. पलीकडं मुडबीहून शिवराज होता, अण्णांचा मुलगा. "अप्पा गेले. जेवून लिंबाखाली आडवे झाले, ते उठलेच न्हाईत..." गवंडी तसाच उभा होता. मग भांडण विसरून त्यानंच आमच्या घराच्या खिडक्या लावायला मदत केली, कुलूप घातलं आणि आम्हाला गाडीपर्यंत सोडलं.

त्याला आता दीड महिना झाला. फरशी अजून हलते आहे, आणि आता ती तशीच राहणार आहे.

अण्णा माझ्या सख्ख्या मामाचे थोरले चिरंजीव, आणि सुनंदाचे थोरले भाऊ. म्हणजे मी मामाचीच मुलगी केली. आमच्या भागात यात नवल काही नाही. लहानपणी अण्णा मला "ए सुध्या" म्हणून हाक मारायचे आणि विहिरीत ढकलून द्यायचे. लग्नाच्या अक्षता पडल्या त्या दिवसापासून मी "दाजी" झालो आणि "तुम्ही" झालो. मग चिडले तरी "दाजी, तुम्हाला अक्कल कवा येणार हाय?" असं मान राखून चिडायचे. शाळेत गणित शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न फार लागायचा... आणि तो बरोबर असायचा, हे अजूनच लागायचं.

त्यांची मुडबीला तुरीची, ज्वारीची शेती. मामांच्या काळापासून घरात कारवानी कुत्री. उंच पायांची, लांब तोंडाची, पोट आत ओढलेली, शेतात रानडुकरामागं सुटली की धुरळा तेवढा दिसायचा. त्यात एक हंसा नावाचा पांढरा नर निपजला. एका जत्रेतल्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं आणि अण्णांचं डोकं फिरलं. खरं सांगायचं तर, त्यांचं थोडं फिरलं होतं, बाकीचं मी फिरवलं. लोक लातूरहून, हैदराबादेहून यायला लागले, सगळ्यांना हंसासारखं पांढरं पिल्लू पाहिजे. घरातच हंसाच्या बहिणीची लेक होती, तीही पांढरी. मी पाटीवर मांडल्यासारखं सांगितलं, "पांढऱ्याला पांढरी जुळवा, सगळी दुधासारखी होतील." अण्णा जरा अडखळले. म्हणाले, "एकाच घरातली हाईत की दाजी. मामा-भाची लागत्यात."

"मग त्यांनी काय घोडं मारलंय?" मी म्हणालो. "आपल्यात चालतंय की. मी मामाची पोरगी केली, माझं काय वाईट झालं?"

आतून सुनंदा म्हणाली, "अण्णा, त्यांचं काय इचारायलास? माझं काय झालं ते इचार."

सगळे हसलो आणि त्या हसण्यातच ते ठरून गेलं. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटणार नाही, पण कुत्र्यांची सोयरीक आम्ही आमच्या रिवाजानं जुळवली. घरचं रक्त घरात राहील, रूप टिकेल, एवढाच विचार.

सहा पिल्लं झाली. काय रूप होतं म्हणून सांगू! बघणाऱ्याची नजर हटत नव्हती. पहिला हक्क माझा, म्हणून मी एक मादी पिल्लू गुलबर्ग्याला आणलं आणि तिचं नाव चांदी ठेवलं. गल्लीत मिरवली. शेजाऱ्यांनी फोटो काढले. पण आठ दिवसांत मी वैतागलो. हाक मारली तर यायची नाही. "बस" म्हटलं तर बसायची नाही. मी चाळीस पोरांचा वर्ग एका आवाजात गप्प करणारा मास्तर, आणि हे एवढंसं जनावर मला दाद देत नाही म्हणजे काय! मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून तिला मारायला लागलो. एकदा नाही, रोज. ती दचकायची, कोपऱ्यात जायची आणि थोड्या वेळानं शेपटी हलवत परत माझ्याच पायाशी येऊन बसायची. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे, पण लिहायलाच पाहिजे.

महिन्याभरात मी तिला टोपलीत घालून बसनं मुडबीला नेली. म्हणालो, "अण्णा, हे ठोंब्या निघालं. दुसरं द्या बदलून."

"बदलून?" अण्णा म्हणाले. "भांडं हाय का दाजी, गळायलंय म्हणून बदलायला?"

त्यांनी तिला सोप्यात सोडलं. तिच्या मागं जाऊन टाळी वाजवली. ती समोर बघत राहिली. आतून जेवायचं ताट आणलं आणि हातात धरून चमच्यानं बडवलं. मी दचकलो, ती हललीसुद्धा नाही. मग अण्णा थोडे थांबले आणि त्यांनी फरशीवर दोनदा जोरानं पाय आपटला. चांदी गर्रकन वळली, त्यांच्याकडं धावत गेली आणि पाय चाटायला लागली. अण्णा खाली बसले. बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत होते.

"ही हट्टी न्हाई, दाजी," ते म्हणाले. "बहिरी हाय."

मला तेव्हा जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. मी रोज मारत होतो ते कशाबद्दल, हे तिला कधी कळलंच नसणार. वर्तमानपत्राच्या गुंडाळीचं मी तिथंच अण्णांना सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा तिला चिटगुप्प्याच्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले, मीही सोबत गेलो. डॉक्टर तरुण होता, पण स्पष्ट बोलणारा. म्हणाला, पांढऱ्या रंगाच्या मागं कधी कधी बहिरेपण येतं, आणि जवळच्या नात्यात जुळवलं की दडलेली खोटही वर येते. "रूप दुप्पट करायला गेलात, सोबत खोटही दुप्पट झाली," असं म्हणाला. सहातली तीन पिल्लं बहिरी निघाली. एक उदगीरला दिली होती, ती अण्णा स्वतः जाऊन परत घेऊन आले. तिघींना शेवटपर्यंत आपल्या घरी सांभाळायचं, असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं. हंसाची नसबंदी करून आणली. गाव हसलं. बक्षिसाचा नर असा वाया घालवतंय का कोणी! अण्णा म्हणाले, "बक्षीस मी घेतलो, भोग तेंच्या वाट्याला आला. आता बास." त्यात माझ्या गणिताचा त्यांनी एका शब्दानं उल्लेख केला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढं अकरा वर्षांत कधीच नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्यांच्याकडं दोन-तीन वर्षांतून एखादंच वेत व्हायचं, तेही लांबच्या गावच्या धनगराच्या कामाच्या कुत्र्याशी जुळवून. रंग कुठलाही येऊ दे, अंग निरोगी पाहिजे आणि स्वभाव शांत पाहिजे. आणि पिल्लू द्यायचं म्हणजे अण्णा आधी स्थळ बघायला जायचे. खरंच सांगतो, पोरगी द्यायची असल्यासारखे टोपी घालून जायचे. चहा प्यायचे, पाणी कुठं ठेवणार बघायचे, दुपारचं ऊन कुठवर येतं बघायचे. गावाला गेलात तर खायला कोण घालणार, हे बायकांना विचारायचे, कारण पुरुष खोटं बोलतात असं त्यांचं मत. आणि शेवटी एकच अट. जमलं नाही तर रस्त्यावर सोडायचं न्हाई, रागवायचं न्हाई, मला आणून द्यायचं.

एकदा मीच त्यांना गुलबर्ग्यातल्या एका मोठ्या कंत्राटदाराकडं नेलं. नवा बंगला, दारात पांढरी गाडी, आणि गृहस्थाला गाडीच्या रंगाचं कुत्रं पाहिजे. "फोटोत उठून दिसायला पायजे," म्हणाला. अण्णांनी शांतपणे विचारलं, "तुमच्यात सकाळी सगळ्यांच्या आधी कोण उठतंय?"

"वॉचमन."

"पोरं शाळेला गेल्यावर घरात कोण आसतंय?"

"वॉचमनच."

"मग पिल्लू वॉचमनलाच देतो. तेचं घर दाखवा."

कंत्राटदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण अण्णा खरोखर त्या वॉचमनच्या दोन खोल्यांत गेले, त्याच्या बायकोच्या हातचा चहा प्यायले आणि पुढच्या आठवड्यात त्याला एक तांबूस पिल्लू आणून दिलं. ते कुत्रं अजून आहे. मला रस्त्यात भेटतं.

वॉचमनला मिळालं, मला मात्र मिळत नव्हतं. प्रत्येक वेताला मी विचारायचो, "अण्णा, औंदा?" ते म्हणायचे, "न्हाई, दाजी." बस्स, एवढंच. एका दिवाळीला मी रुसलो, मुडबीला गेलोच नाही. सुनंदा म्हणाली, "या वयात कुत्र्यासाठी रुसायलाव? लोक काय म्हणतील?" कुत्र्यासाठी नव्हतो रुसलो. माझ्या हाती पुन्हा एक जीव देण्याएवढा अण्णांचा माझ्यावर भरवसा बसावा, एवढंच मला पाहिजे होतं. तसं बोलून दाखवायला माझी जीभ उचलत नव्हती. इकडं मुडबीत चांदी मोठी झाली, मागच्या दोन वर्षांत तिच्या दोघी बहिऱ्या बहिणी वयानं गेल्या, तिचंही तोंड म्हातारपणानं बारीक झालं. ती झोपलेली असताना कोणी एकदम जवळ गेलं तर घाबरते, म्हणून अण्णा घरात शिरताना उंबऱ्यात दोनदा पाय आपटायचे. ती सवय एवढी अंगात मुरली की बहिणीच्या घरी आले तरी दोनदा पाय आपटूनच आत यायचे. सुनंदा स्वयंपाकघरातूनच ओळखायची आणि चहाचं आधण ठेवायची.

यंदा संक्रांतीला आले ते दोन दिवस राहिले. मी नुकताच रिटायर झालेलो. अण्णा घरभर फिरत होते आणि मधेच पाय आपटत होते. हॉलमध्ये, मधल्या खोलीत, देवघरासमोर. मला वाटलं पायाला मुंग्या आल्या असतील. उंबऱ्याजवळच्या फरशीवर पाय आपटला, ती 'धब्ब' वाजली, आणि ते हसले.

"ही बसवू नका, दाजी."

"कामून? कोण तरी पडंल की एखाद्या दिवशी."

"आसू द्या. चांगली हाय." मग माझ्या शेजारी येऊन बसले. "आता दिवसभर काय करताव?"

"काय करणार? पेपर वाचतो."

"निस्ता वाचताव, का अजून गुंडाळताव?"

अकरा वर्षांनी काढलं होतं... मी त्यांच्याकडं बघितलं तर डोळ्यांत चेष्टाच होती. "निस्ता वाचतो," मी म्हणालो. त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली आणि दुसरंच काही बोलायला लागले. पुढच्या महिन्यात मुडबीला त्यांची माझी शेवटची भेट झाली. निघताना मी सवयीनं विचारलं, "औंदा?" ते "न्हाई" म्हणाले नाहीत. "बघू," म्हणाले. मी घरी येऊन सुनंदाला हे तीनदा सांगितलं.

आणि मग तो फोन. मी मूर्खासारखा तीच फरशी बसवायला गवंड्याशी भांडत होतो.

चौदावा झाल्यावर आम्ही परत निघालो. चांदी त्याच लिंबाखाली पडून होती, भाकरीला तोंड लावत नव्हती. वहिनींनी तिच्या गळ्यात दोरी घातली आणि ती माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "हिला घिऊन जावा, दाजी. ह्यांनी सांगून ठेवलंय. संक्रांतीला तुमचं घर बघून आले हुते."

मला काही समजेना. वहिनी म्हणाल्या, "म्हणले, माझ्या मागं चांदीला दाजीकडंच द्यायचं. तेंच्या दारात एक फरशी हलायलीय, तिच्यावर पाय आपटला की हिला लगीच समजंल. मी म्हणलं, आवो, तेंनी मारलेलं की हिला. तर म्हणले, म्हणूनच. ते आता जन्मात कुणावर हात उचलणार न्हाईत."

मी तिथंच सगळ्यांसमोर रडलो. गणिताच्या मास्तराला रडताना बघायची त्या घरातल्या कोणाला सवय नव्हती.

चांदी आता आमच्याकडं आहे. पहिले चार दिवस नुसतं पाणी प्यायची, आता सुनंदाच्या हातची दूध-भाकरी खाते. दुपारी कूलरसमोर पाय ताणून झोपते. मी वर्तमानपत्र वाचून झालं की घडी घालून ठेवतो. ती मला ओळखते की नाही, मला माहीत नाही. पण परवा माझ्या पायावर तोंड ठेवून झोपली होती आणि माझा पाय बधिर होईपर्यंत मी हललो नाही. गवंडी मधे स्वतःहून आला, सिमेंटची पिशवी घेऊन. मी म्हणालो, "फरशीला हात लावायचा न्हाई." तो माझ्याकडं बघतच राहिला. चहा पाजून त्याला परत पाठवलं.

काल संध्याकाळी भाजी घेऊन आलो. चांदी आत झोपलेली दिसली, म्हणून उंबऱ्यात थांबून दोनदा पाय आपटला. धब्ब, धब्ब. चांदीनं मान वर केली, हळूहळू उठली, शेपटी हलवत आली. आणि तिच्या मागोमाग स्वयंपाकघरातून सुनंदा आली, पीठ माखलेल्या हातानं, लगबगीनं. मला बघून ती दारातच थांबली.

"चहाचं आधण ठेवलं की मी..." ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ती हसतही होती. कणकेचे हात तिनं पदराला पुसले आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"परत एकदा आपटा," म्हणाली.

मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि परत दोनदा पाय आपटला.