सकाळी चढ न चढणारी गाडी

मामंजी माझ्याशी बोलत नव्हते, त्याच हिवाळ्यात आमची गाडी चढावर मरायला लागली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. आलं तेव्हा त्याचा मी जो उपयोग केला तो काही फार भला नव्हता, पण सांगायला बसलेच आहे तर सगळंच सांगते.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. ह्यांची बदली कलकत्त्याला झाली होती आणि आम्ही बेहालाला तळमजल्यावरचं घर घेतलं होतं. ह्यांचं ऑफिस गार्डन रीचला, न्यायला-आणायला ऑफिसची जीप. मामंजी मुंबईला गोदीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे आले आणि विलायतेला परत जाणाऱ्या कुणा साहेबाची जुनी गाडी त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली. काळी, गोल पाठीची, म्हशीसारखी. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते घरासमोरच्या गल्लीत तिचं बॉनेट उघडून बसत. मिस्त्रीला हात लावू देत नसत. कार्बुरेटरला लागणारं चमचाभर पातळ तेल मात्र ते माझ्याकडून घेत. माझ्या शिवणाच्या मशीनचं तेल त्याला चालतं असं त्यांनीच शोधून काढलं होतं. दारात उभे राहून म्हणत, "सूनबाई, तेलाची कुपी."

मला गाडी शिकवली तीही त्यांनीच, मैदानाच्या कडेच्या रस्त्यावर. शिकवताना वर्कशॉपमधल्या शिकाऊ उमेदवारांवर ओरडावं तसे ओरडत. "आरसा मागची बस बघायला आहे, कुंकू बघायला नाही." मला राग येत नसे. शिकवत होते ना.

मग मला नोकरी लागली. मी सातवीपर्यंत शिकलेली. शिवण मी जुने ब्लाउज उसवून उसवून स्वतःच शिकले. फोर्ट विल्यमच्या बाजूला एका मुलींच्या शाळेत शिवणाच्या बाई हव्या होत्या, सकाळची शाळा, घंटा साडेसहाला. जागा मार्चपर्यंत तात्पुरती, नीट काम केलं तर पुढे कायम. मामंजींना ते आवडलं नव्हतं, पण सकाळच्या फेरफटक्याला मी त्यांना मैदानावर सोडत असे, म्हणून चालवून घेत होते.

ठिणगी पडली ती सासूबाईंच्या श्राद्धावरून. नेमका शाळेचा दिवस आणि रजा मिळेना. मी साडेतीनला उठले, आंघोळ करून सोवळ्यात सगळा स्वयंपाक केला, वडे, खीर, भाज्या, झाकून ठेवलं आणि शाळेत गेले. गुरुजींना पानं वाढली ती ह्यांनी. बाराला मी परत आले तेव्हा मामंजी व्हरांड्यात बसले होते. म्हणाले, "जिच्या घरात आलीस तिचं श्राद्ध, आणि तू पोरींना काजबटणं शिकवत होतीस. सोड ती नोकरी." मी म्हटलं, सोडणार नाही. त्यांनी मान फिरवली आणि त्यानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले.

अबोला म्हणजे कसा, तर मी समोर तीन हातांवर भाकरी वाढत असताना ते ह्यांना म्हणायचे, "तिला सांग, मीठ जास्त झालंय." हे बिचारे तोंड उघडायचे, तोवर मी म्हणायची, "त्यांना सांगा, ऐकू आलं." ह्यांना भांडण सोसत नसे. मधल्यामध्ये ते जेवणही घाईने उरकत. मामंजींनी माझ्याबरोबर गाडीत बसणं सोडलं आणि ते मैदानावर बसने जाऊ लागले. त्यांचं खाणंपिणं, कपडे, डोक्याला लावायचं तेल, सगळं मी आधीसारखंच करत होते. खोबरेल तेलात माका घालून मंद आचेवर उकळायचं आणि गाळून त्यांच्या बाटलीत भरून मोरीत ठेवायचं. बाटली रिकामी झाली की ते ती दाणकन ओट्यावर आणून ठेवत. तोच निरोप.

नाताळच्या सुमाराला थंडी पडली आणि गाडी बिघडली. घरातून निघे ती बरी, पण माजेरहाटच्या पुलाचा चढ लागला की खोकू लागे. ऍक्सिलरेटर तळाला टेकवला तरी ओढ नाही. दाबावं तेवढी ती आणखी गुदमरे आणि मागे काळा धूर सोडी. मागून ट्रकवाले भोंगे वाजवत, सायकलवरचा दूधवाला माझ्याकडे बघत बघत पुढे जाई. पहिल्या गिअरमध्ये रांगत रांगत पूल पार करायचा. एकदा तर मध्येच बंद पडली आणि दोन हमालांनी ढकलली. त्या आठवड्यात मी दोनदा उशिरा पोचले. मुख्याध्यापिका बाई वाईट नव्हत्या, पण हजेरीचं पुस्तक त्यांच्या टेबलावर उघडंच असे. माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं की या सत्रात तिसऱ्यांदा उशीर झाला तर कायम करण्याचा विचार मनातून काढून टाकावा.

बसने का नाही गेलीस, असं आता नाती विचारतात. जात होते ना मधूनमधून, पाचला निघून. पण त्या दंगलींच्या दिवसांत कुठल्या वळणावर बस पेटवलेली असेल आणि रस्ता बंद असेल याचा काही भरवसा नव्हता. शिवाय पाचला निघायचं म्हणजे ह्यांचा डबा आणि मामंजींची पेज त्याच्या आत.

मी मिस्त्री बोलावला. तो आला दुपारी बाराला. तोवर गल्लीत ऊन येऊन बॉनेटला हात लावता येत नव्हता. त्याने गाडी काढली, पुलावर जाऊन आला, हसला आणि म्हणाला, "गाडी तो एकदम ठीक है, बौदी." खरंच, दुपारी ती हत्तीसारखी चढे. हे सगळं व्हरांड्यातून मामंजी बघत होते. संध्याकाळी हे घरी आल्याबरोबर त्यांनी निकाल दिला.

"तिला सांग, गाडीला काही झालेलं नाही. पायाने मशीन चालवावं तशी ती क्लच चालवते, सारखी खालीवर. रविवारी मी गाडीवर ताडपत्री टाकणार आहे. सोमवारपासून किल्ली माझ्याकडे."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, "नोकरीचं पुढच्या वर्षी बघू या का?" मामंजींपेक्षा मला त्या वाक्याचा राग जास्त आला. त्या रात्री मी दोघांचीही पानं वाढली आणि स्वतः जेवले नाही. कुणी विचारलंही नाही.

आता माझ्याकडे चार दिवस होते. गाडीबरोबर साहेबाने एक इंग्रजी पुस्तक दिलं होतं, चित्रांचं. मामंजी दुपारी झोपले की मी ते आणि ह्यांचा शब्दकोश घेऊन गल्लीत जाई. प्लग काढून काजळी घासली. हवेची जाळी धुतली. पेट्रोलची नळी फुंकून बघितली, दोन दिवस तोंडाची चव गेली. काही फरक नाही. आणि फरक कळणार तरी कसा, दुपारी गाडी चांगलीच असायची.

शनिवारी मी बसने गेले. वर्गात गेले तर मुली मशीनपुढे हात बांधून बसलेल्या. सहापैकी चार मशीनची चाकं फिरेनात. शाळेतल्या मावशीने आदल्या दिवशी आपल्या मनाने सगळ्या मशीनना तेल दिलं होतं, खोबरेल. बाटलीतलं खोबरेल त्या थंडीत चमच्याने खरवडून काढावं लागत होतं, ते मशीनमध्ये गेल्यावर काय होणार? मी मावशीला बोलायचं ते बोलले, मशीन उचलून उन्हाच्या पट्ट्यात ठेवायला लावली. नऊच्या सुमाराला एकेक चाक फिरू लागलं. काही केलं नाही, नुसतं ऊन लागलं. सकाळी अडतं आणि ऊन लागलं की सुटतं. मी हातातली कात्री खाली ठेवली. मामंजींनी श्राद्धानंतरच्या रविवारी गाडीची सगळी साफसफाई केली होती. आणि माझ्याकडे तेलाची कुपी मागायला ते आले नव्हते.

रविवारी सहाला मी बॉनेट उघडलं. ताडपत्री व्हरांड्यात काढूनच ठेवली होती. मामंजी माकडटोपी घालून खुर्चीत बसलेले, हे दात घासत दारात. कार्बुरेटरच्या डोक्यावर एक घुमटासारखं भांडं असतं. त्याच्यात दट्ट्या असतो. इंजिनाने हवा ओढली की तो वर उचलला जातो आणि हवेची वाट मोठी होते, मग गाडीला ओढ येते. तो एकदम उसळू नये म्हणून वरून ते चमचाभर तेल. मी हवेची जाळी काढली आणि आत बोट घालून दट्ट्या उचलून बघितला. उचलेना. भिंतीला चिकटल्यासारखा.

वरचं काळं झाकण मी फिरवायला लागले तशी व्हरांड्यातून आज्ञा आली. "तिला म्हणावं, त्या भांड्याला हात लावू नको. ते मी बसवलेलं आहे."

मी झाकण वर ओढलं. त्याला खाली सळई असते, ती निघाली तीच लोण्यासारखा पांढरा गोळा घेऊन. पांढरा, पण हिरवट झाक असलेला. नाकाशी नेला मात्र, मला माझ्याच स्वयंपाकघराचा वास आला. तो माका मी स्वतः निवडला होता.

मी ते सगळं चहाच्या बशीत काढलं आणि सात आठवड्यांत पहिल्यांदा सरळ त्यांच्याकडे तोंड करून बोलले.

"मामंजी, खाली या आणि याचा वास घ्या."

ते आले. वास घेतला नाही. नुसतं बघितलं, आणि त्यांना कळलं हे मला कळलं. जन्म यंत्रांवर गेलेला माणूस.

"तेल ते तेल," ते म्हणाले.

"मशीनचं तेल शिवणाच्या पेटीत होतं."

"तुझ्या पेटीत होतं." त्यांचा आवाज चढला. "ते मागायला मी तुझ्या दारात उभा राहणार नव्हतो."

"बरं. मग डोक्याचं तेलही आता माझ्याकडे मागू नका."

हे मधे काहीतरी म्हणायला लागले. आम्ही दोघांनी एकदमच त्यांच्याकडे असं बघितलं की ते ब्रश घेऊन आत गेले. मी मशीनचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि भांड्याचे स्क्रू सोडायला सुरुवात केली. मामंजी तिथेच उभे. जावं असं वाटत असणार, पण चुकीच्या हातात यंत्र उघडं असताना त्यांचे पाय हलत नव्हते.

"भांडं फिरवून बसवलंस तर वाटोळं होईल. आधी खूण कर."

"केली आहे."

"कशाने?"

"खिळ्याने."

भांडं, दट्ट्या, सळई, सगळं मी पेट्रोलमध्ये धुतलं, ह्यांच्या जुन्या बनियनने पुसलं, खुणेला खूण लावून बसवलं आणि माझ्या कुपीतलं तेल वरून सोडलं. बोटाने दट्ट्या उचलला. सुरळीत वर गेला, आणि सोडल्यावर खाली येऊन टक्कन बसला. मी तो तीनदा उचलला. एकदा पुरला असता, पण त्यांना ऐकवायचा होता.

ती बशी मी गटारात रिकामी करू शकले असते. कुणाला काही कळलं नसतं. गाडी सुधारली एवढं सांगून मोकळी झाले असते. मुलासमोर आणि सुनेसमोर नवख्या उमेदवाराची चूक पदरात पडणं त्या माणसाला किती लागेल हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच बशी समोर धरली. यात लपवण्यासारखं काही नाही. एकतीस वर्षांची होते आणि चार दिवस माझ्या नोकरीवर ताडपत्री टाकण्याच्या गोष्टी ऐकत होते.

ताडपत्री त्या दिवशी आपोआप माळ्यावर गेली. किल्लीचा विषय कुणी काढला नाही, मीही नाही. संध्याकाळी शेजारचे बाबू आले, त्यांना मामंजी सांगत होते की गाडीला जरा थंडी बाधली होती. मी आतून म्हटलं, कुणाच्या डोक्याचं तेल लावल्यामुळे बाधली तेही सांगा. बाबूंना मराठी येत नव्हतं, म्हणून ते हसले.

सोमवारी मी घंटेच्या आधी वीस मिनिटं शाळेत होते. मार्चमध्ये मला कायम केलं. मामंजींनी बाजारातलं तयार तेल आणलं, त्याचा उग्र वास घरभर सुटे आणि मी खिडक्या उघडत असे. गाडीची सफाई ते करतच राहिले, पण कार्बुरेटरचं ते झाकण त्यांनी पुन्हा उघडलं नाही. ते काम माझ्याकडे आलं, न सांगता. बोलणं मीठ, पाणी, टपाल एवढ्यापुरतं सुरू झालं. मी चालवत असताना मात्र ते गाडीत बसले नाहीत. शेवटपर्यंत नाही.

गाडी सुधारली त्याच आठवड्यात, बहुतेक गुरुवारी, पुलाच्या पायथ्याशी मी एका बसला गाठलं. धुकं होतं, बस कण्हत कण्हत चढत होती. खिडकीत माकडटोपी दिसली. त्यांनी आधी गाडी ओळखली, मग मला, आणि लगेच मान फिरवून ते पलीकडे, खालच्या रुळांकडे बघायला लागले. मला गप्प पुढे जाता आलं असतं. मी हॉर्न दिला. मग चढावरच वरचा गिअर टाकला आणि बसच्या पुढे निघून गेले.