मोळीची गाठ
उसाच्या ओल्या वाढ्याचा, शेंड्याच्या हिरव्या पाल्याचा, वास आला की माजलगावकडचा तो ऊसतोडीचा फड आठवतो. दम्यासाठी वडिलांना दोन औषधांचा एकच पंप नवा मिळाला होता. तो ओढल्यावर श्वास थोडा वेळ धरून ठेवायचा, पण किती, ते त्यांना उमजेना. वाढ्यानं उसाची मोळी बांधत असलेली आई म्हणाली, "माझी गाठ बसंस्तोवर सोडू नका." वडिलांनी पंप ओढला आणि श्वास धरून तिच्या हातांकडं बघत राहिले. त्यांचा कोंडलेला जीव तिला बघवेना, तिनं गाठ झटक्यात मारली. चूळ भरून वडिलांनी मोळी उचलली, तशी ती सुटली. "कावून एवढी घाई केली?" आईनं मोळी परत बांधायला घेतली. आता चुलीच्या धुरानं पंप आईलाही लागलाय. ती श्वास धरते तेव्हा वडील समोर बसून सुतळीला गाठ मारतात, लई सावकाश.