मार्गारेट महाराष्ट्राची की इंग्लंडची?

गोधड्या शिवणाऱ्या घरात चिंध्या साठतात, तसे किस्सेही साठतात. फेकवत नाहीत. आमचा कारखाना म्हणजे पनवेलमधली माझी मागची खोली, दोन मशिनी आणि तिघी बायका: मी, सुकापूरची कमळ आणि कॉम्प्युटर सांभाळणारी नसीम. गोधड्या ऑनलाइन विकतो, गिऱ्हाइकं सगळी परदेशातली. माझं शिक्षण सातवी. पुढचं सगळं वाचून आणि भांडून!

* * *

जीएसटी नवा नवा आला तेव्हा आमचे सीए म्हणाले, "मावशी, परदेशी विक्रीवर टॅक्स नाही. फक्त दरवर्षी हमीपत्र भरायचं."

"टॅक्सच नाही, तर हमी कसली?"

"टॅक्स नाही म्हणूनच कागद जास्त!"

त्याच आठवड्यात मी नियमांचं पुस्तक आणलं आणि भिंग लावून वाचून काढलं. हल्ली सीएच मला फोन करतात.

* * *

कमळची एक रीत. प्रत्येक गोधडीच्या घडीत कुंकवाची पुडी.

"पोर सासरी चाललीय. कोरी धाडू? बरं नाय दिसत!"

इंग्लंडच्या मार्गारेटचं पार्सल तिथल्या कस्टमने अडवलं. लाल पूड! प्रयोगशाळेत तपासली म्हणे. शेवटी पार्सल सुटलं, सोबत शिक्क्याचं पत्र: 'पूड निरुपद्रवी आहे, पार्सल पत्त्यावर पोचवले आहे.' मार्गारेटने गंमत म्हणून ते पत्र आम्हाला पोस्टाने पाठवलं. आम्ही पोट धरून हसलो आणि मशीनच्या खणात टाकलं.

* * *

नसीम लेकीच्या बाळंतपणाला गेली, तेव्हा रिटर्न कमळने भरला. गिऱ्हाइकाचं राज्य निवडायचं होतं. हिने सगळ्यांपुढे महाराष्ट्र टाकलं!

"अगं, मार्गारेट इंग्लंडची ना?"

"तीन गोधड्या नेल्या तिनं. आपलीच हाय की! परकी कशाला लिवायची?"

मग नोटीस आली. माल परदेशात गेल्याचं सिद्ध करा, नाहीतर सगळ्या विक्रीवर टॅक्स. तो भरायचा तर दोन्ही मशिनी विकायला लागल्या असत्या.

* * *

आम्ही टॅक्स ऑफिसात गेलो. पोस्टाच्या पावत्या दाखवल्या. साहेब म्हणाले, "यावरून माल पोस्टात गेला एवढंच कळतं."

नसीमने मोबाइल पुढे केला. आमच्या गोधडीवर मार्गारेटचा कुत्रा झोपलाय, खिडकीबाहेर ढीगभर बर्फ.

साहेबांनी फोटो मोठा करून पाहिला. "बर्फ मनालीतही पडतो."

"आणि कुत्रा?" मी विचारलं.

"कुत्रा पुरावा नाही. एका तरी पार्सलला तिकडच्या सरकारचा शिक्का दाखवा!"

* * *

शिक्का म्हटल्यावर आम्हा तिघींना एकदमच आठवलं. दुसऱ्या दिवशी खणातलं पत्र साहेबांच्या टेबलावर. त्यांनी दोनदा वाचलं. शिक्का उजेडात धरला. चूक काही सापडेना. मग चेहरा खुलला.

"पार्सलमध्ये कुंकू होतं. बिलावर नोंद कुठाय? त्याचा टॅक्स?"

"कुंकवाला टॅक्स नाही, साहेब. यादीत आहे. मी वाचलीय. तुम्ही?"

साहेबांनी फाइल ओढली आणि नोटीस मागे घेतल्याची सही केली. कमळने पदराची गाठ सोडून एक पुडी फाइलवर ठेवली. "वयनींना द्या. कोरं कसं जाऊ द्यायचं तुमाला?"

साहेबांनी पुडी खिशात घातली. परत बाहेर काढली. इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच मला विचारलं,

"मावशी, नक्की टॅक्स नाही ना?"